युनियनचा माणूस आणि कारखान्याचे दार



आपल्यापैकी पुष्कळांचे वडील किंवा आजोबा मुंबईच्या गिरण्यांत, रेल्वेत, गोदीत अथवा टपालखात्यात नोकरीस होते. तेव्हा युनियन हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. परंतु अमेरिकेत स्थायिक झाल्यावरही एक गोष्ट नीट समजावयास आम्हांस फार वर्षे लागली. युनियन काढण्याचा हक्क निराळा आणि युनियनच्या माणसाने कामाच्या जागेत पाऊल टाकण्याचा हक्क निराळा. पहिला हक्क या देशात १९३५ पासून कायद्याने आहे. दुसरा बाहेरच्या माणसास जवळजवळ कधीच नव्हता, आणि एका राज्याने तो दिला तेथेही तो २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. त्याचीच हकिकत आज सांगावयाची आहे.

आम्ही मुंबईस नर्सिंगचे शिक्षण घेऊन १९८४ साली न्यू जर्सीत आलो. पहिली नोकरी एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात, रात्रपाळीची. तेथे युनियन नव्हती. पहिल्याच हिवाळ्यात सकाळी सातच्या सुमारास, आमची पाळी सुटताना, एक बाई समोरच्या बसथांब्यावर उभ्या असत. हातात पत्रके, डोक्याला लोकरी टोपी. हॉस्पिटलच्या मोटारी लावण्याच्या आवारात त्या येत नसत, कारण एकदा आल्या तेव्हा पहारेकऱ्याने पोलीस बोलावण्याची धमकी दिली होती. आम्ही नव्याने आलेल्या मुली, कागदपत्रे अजून पुरी व्हावयाची, खाली मान घालून त्यांच्यासमोरून जात असू. घेतलेच तर पत्रक पर्समध्ये दडवीत असू. त्याच वर्षी केरळातून आलेल्या आमच्या एका मैत्रिणीची कंबर रोगी उचलताना धरली. तिला हलके काम मिळाले नाही आणि दोन महिन्यांत तिची नोकरी गेली. विचारावे कोणास, हेच आम्हांस ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते त्या रस्त्याच्या पलीकडे थंडीत उभ्या होत्या.

आम्हांस याचे नवल वाटे, कारण लहानपणी घरी निराळेच ऐकलेले. आमचे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. पगाराच्या दिवशी युनियनचा माणूस आत, पगारवाटपाच्या जागेशीच, वर्गणीच्या पावत्या फाडीत बसे, असे ते सांगत. ती मालकाची मेहेरबानी नव्हती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात ते लिहूनच ठेवले होते. मान्यता मिळालेल्या युनियनच्या माणसांनी पगार वाटतात तेथे वर्गणी गोळा करावी, आवारात सूचनाफलक लावावा, तंटा टाळण्यासाठी किंवा मिटविण्यासाठी सभासदांशी आत बोलावे, मालकाला भेटावे, आणि जरूर पडल्यास सभासद काम करतो ती जागाही पाहावी, आणि मालकाने या गोष्टी करू द्याव्यात, असे कायदा सांगत होता. अमेरिकेतल्या कामगारास हे वाचून दाखविले तर त्याचा विश्वास बसणार नाही.

परंतु या चांगल्या कायद्याला एक वाईट बाजू होती, तीही सांगितली पाहिजे. मुभा ज्या युनियनला मान्यता तिलाच. मुंबईच्या कापडगिरण्यांत ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले ते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे. दाराची चावी एकाकडे आणि कामगार दुसऱ्याकडे, असा तो प्रकार झाला. संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. आमच्या वडिलांची नोकरी त्यातच गेली. आम्ही परदेशी येण्याचे तेही एक कारण होते.

आता अमेरिकेकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील इमारत-बांधकामाच्या धंद्यात युनियनचा एक पगारी माणूस असे. तो बांधकामांवर पायी फिरे, म्हणून त्यास 'चालता प्रतिनिधी' म्हणत. अर्ध्या बांधलेल्या इमारतीस दार कोठले? तो सरळ आत जाई, कोण युनियनचा, कोण बिनयुनियनचा हे पाही, आणि शिट्टी वाजवून तेथल्या तेथे काम बंद पाडी. कायदा त्याच्या बाजूस नव्हता, पण गवंडी आणि लोहार होते. या अधिकाराचा काहींनी गैरवापरही केला. न्यूयॉर्कचा सॅम पार्क्स काम बंद न पाडण्याबद्दल कंत्राटदारांकडून पैसे घेई. १९०३ साली त्याला शिक्षा झाली आणि १९०४ साली तो सिंग सिंगच्या तुरुंगात वारला. मालक लोक पुढे कित्येक वर्षे त्याचे उदाहरण देत, आणि ते खोटे नव्हते.

शिवणकामाच्या धंद्यात मालकही ज्यू आणि कामगारही बहुतांशी ज्यू, पूर्व युरोपातून आलेले. तेथे वेगळा तोडगा निघाला. १९०९ आणि १९१० च्या मोठ्या संपांनंतर, लुई ब्रँडाइस यांच्या मध्यस्थीने, सप्टेंबर १९१० मध्ये झगे शिवणाऱ्या कारखान्यांचा एक करार झाला. त्यात मालक, युनियन आणि त्रयस्थ नागरिक अशा तिघांचे एक आरोग्य-मंडळ नेमले गेले. डॉ. जॉर्ज प्राइस हे त्याचे प्रमुख. मंडळाचे तपासनीस कारखान्यात जाऊन जिने, दारे, संडास, उजेड सारे पाहात. म्हणजे युनियनचा डोळा आत शिरला तो कराराच्या वाटेने. ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीने युनियनशी करार केला नव्हता. २५ मार्च १९११ रोजी, शनिवारी दुपारी, तिच्या कारखान्यास आग लागली तेव्हा नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते. १४६ जीव गेले, त्यांत बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली. दार बंद असल्याचे मालकांना ठाऊक होते हे खटल्यात सिद्ध झाले नाही आणि ते सुटले.

१९३५ साली सिनेटर वॅग्नर यांचा कायदा आला. कामगारांनी संघटित होण्याचा हक्क त्याने मान्य केला, परंतु युनियनच्या अधिकाऱ्याने कारखान्यात यावे की नाही याबद्दल तो गप्प आहे. शिवाय शेतमजूर आणि घरकामगार यांस त्यातून मुळातच वगळले. कायदा जेथे गप्प असतो तेथे न्यायालये बोलतात. १९४५ साली लाँग आयलंडवरील रिपब्लिक एव्हिएशन या विमाने बनविणाऱ्या कंपनीचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. एका कामगाराने जेवणाच्या सुट्टीत सोबत्यांना युनियनचे अर्ज वाटले म्हणून त्यास काढले होते. न्यायालयाने सांगितले, कामगार स्वतःच्या मोकळ्या वेळात, मालकाच्या जागेत असला तरी, युनियनबद्दल बोलू शकतो. मोठा निकाल! पण तो आत असलेल्याचा हक्क.

बाहेरच्याचे काय, हा प्रश्न १९५६ साली आला. टेक्सासमधील पॅरिस गावाबाहेर बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीचा कारखाना. कामगार बहुतेक मोटारीनेच येणार, रस्त्यावर थांबणार कोण? युनियनवाल्यांना मोटारींच्या आवारात पत्रके वाटावयाची होती. न्यायालय म्हणाले, कामगारांना गाठण्याचा दुसरा वाजवी मार्ग असेल तर मालक बाहेरच्यांस मनाई करू शकतो. पुढे १९९२ साली लेकमियर या दुकानाच्या खटल्यात हे आणखी घट्ट झाले. कनेटिकटमध्ये हमरस्ता आणि दुकानाचे आवार यांच्यामध्ये ४६ फूट रुंदीची गवताची पट्टी होती. युनियनचे लोक तेथे फलक घेऊन उभे राहिले. मोटारींचे नंबर टिपून त्यांनी सुमारे पाचव्या हिश्श्याच्या कामगारांचे पत्ते मिळविले, त्यांना पत्रे धाडली, फोन केले, घरी गेले. एवढ्या खटपटीनंतर सही करून आलेले कार्ड एक! तरीही न्यायालयाने म्हटले की गवतावरचा फलक कामगारांस दिसतो, तेव्हा आत येण्याचे कारण नाही. ज्याने कधी बारा तासांची पाळी संपवून मोटार काढली असेल त्याला विचारावे, गवतावरचा फलक किती दिसतो.

हॉस्पिटलांची कथा आमच्या जिव्हाळ्याची, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. १९४७ च्या दुरुस्तीने धर्मादाय हॉस्पिटले १९३५ च्या कायद्याबाहेर ठेवली गेली. रोग्यांची सेवा म्हणजे पुण्यकार्य, तेथे मजुरीची भाषा कशाला, असा विचार. न्यूयॉर्कमधील ज्यू धर्मादाय हॉस्पिटलांतही ओझी वाहणारे, स्वयंपाकी, फरशा पुसणाऱ्या बाया यांचा पगार इतका थोडा असे की काहींना सरकारी मदतीवर संसार चालवावा लागे. लिऑन डेव्हिस हे रशियातील पिन्स्क भागातून आलेले ज्यू औषधविक्रेते. त्यांची लोकल ११९९ ही मूळची औषधदुकानांतील नोकरांची युनियन. त्यांनी ८ मे १९५९ पासून ४६ दिवस संप चालविला. माउंट सायनाय, बेथ इस्राएल, ब्रुकलिनचे ज्यूइश हॉस्पिटल ही नावे त्यात होती. विश्वस्त ज्यू, पुढारी ज्यू, आणि संपकरी मुख्यतः काळे व पोर्टो रिकोचे. संपाअखेर पगार थोडे वाढले, परंतु युनियनला सरळ मान्यता मात्र मिळाली नाही.

१९७४ साली कायदा बदलला आणि धर्मादाय हॉस्पिटलांतील आम्ही मंडळी कायद्याच्या छत्राखाली आलो. लगेचच प्रश्न उभा राहिला, की हॉस्पिटलात बोलावयाचे तरी कोठे? बॉस्टनच्या बेथ इस्राएल हॉस्पिटलचा नियम असा की युनियनचे बोलणे फक्त कपडे बदलण्याच्या खोलीत आणि काही संडासांत करावे. हे हॉस्पिटल १९१६ साली ज्यू समाजाने गरीब स्थलांतरितांसाठी स्थापिले, हे लक्षात घ्या. तेथील एका नोकर बाईने उपाहारगृहात युनियनचे वार्तापत्र वाटले, त्यावरून तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हॉस्पिटलचे म्हणणे, रोग्यांस त्रास होईल. तपासणीत दिसले की उपाहारगृहात येणाऱ्यांपैकी ७७ टक्के नोकरच होते आणि रोगी जेमतेम दीड टक्का. २२ जून १९७८ रोजी निकाल नोकरांच्या बाजूने लागला. पुढच्याच वर्षी नॅशव्हिलच्या बॅप्टिस्ट हॉस्पिटलच्या खटल्यात न्यायालयाने दुसरी बाजूही सांभाळली. रोग्यांच्या मजल्यावरील बोळ आणि बसण्याच्या खोल्या यांत अशा बोलण्याची मनाई हॉस्पिटलास करता येते. नर्स म्हणून आम्हांस हा निकाल रास्तच वाटतो. शस्त्रक्रियेहून आलेल्या माणसाच्या खोलीबाहेर पगाराची चर्चा कोणी करू नये.

मात्र वाचकांनी येथेही पाहावे, उपाहारगृहात वार्तापत्र वाटणारी बाई हॉस्पिटलचीच नोकर होती. १९८४ साली बसथांब्यावरच्या बाईंना त्या निकालाचा काहीच उपयोग नव्हता. उपयोग आम्हांस होता, सहा वर्षांपूर्वीच हक्क मिळालेला होता, आणि ते आम्हांस सांगणारे कोणी आत नव्हते. सगळ्या प्रश्नाची गाठ येथेच आहे असे आमचे मत आहे. आतल्याला हक्क आहे, पण हक्क आहे हे त्याला बाहेरचाच सांगणार, आणि बाहेरच्यास दार बंद.

जो कामगार मालकाच्याच जमिनीवर झोपतो त्याची स्थिती तर याहून कठीण. आमच्या न्यू जर्सीतलाच खटला आहे. कम्बरलँड परगण्यातील एका मळ्यावर हंगामी मजूर झोपड्यांत राहात होते. एका मजुराच्या जखमेचे २८ टाके काढावयाचे होते, म्हणून एका सेवासंस्थेचा माणूस तेथे गेला. त्याच्याबरोबर गरिबांचा एक सरकारी मदतीवरचा वकील दुसऱ्या मजुरास भेटावयास गेला. मळेवाला म्हणाला, भेटा, पण माझ्या कचेरीत, माझ्या देखत. दोघांनी नकार दिला, पोलीस आले, बेकायदा प्रवेशाचा दंड झाला. १९७१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दंड रद्द केला. जमिनीची मालकी म्हणजे तिच्यावर राहणाऱ्या माणसांच्या नशिबाची मालकी नव्हे, अशा अर्थाचे ते निकालपत्र आहे. २८ टाके वेळेवर काढले नाहीत तर काय होते ते आम्हांस कोणी सांगावयास नको. ही माणसे युनियनची नव्हती, परंतु या निकालाने वाट दाखविली.

खरी लढाई कॅलिफोर्नियात झाली. शेतमजूर १९३५ च्या कायद्याबाहेर, म्हणून राज्याने स्वतःचा कायदा करावयास मोकळीक होती. सीझर चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्टा यांच्या युनियनने द्राक्षांवरील बहिष्कार वर्षानुवर्षे चालविला. अखेर जून १९७५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शेतमजुरांच्या कायद्यावर सही केली. त्याखालच्या मंडळाने लगेच नियम केला, की युनियनच्या संघटकांनी मळ्यात जावे, कामापूर्वी एक तास, जेवणाच्या वेळी एक तास आणि काम सुटल्यावर एक तास. पुढे ठरले ते असे, की वर्षातून तीस दिवसांचे चार कालखंड, म्हणजे १२० दिवस, आधी सूचना देऊन, आणि मजुरांच्या संख्येच्या मानाने ठराविकच संघटक. अमेरिकेत युनियनच्या बाहेरच्या माणसास कायद्याने दार उघडल्याचे एवढे स्पष्ट उदाहरण आम्हांस दुसरे माहीत नाही. ऑस्ट्रेलियात आपली काही कुटुंबे आहेत. तेथे युनियनच्या अधिकाऱ्यास सरकारी परवाना मिळतो आणि बहुधा २४ तासांची लेखी सूचना देऊन तो सुट्टीच्या वेळी कामगारांस आत भेटतो. तेथे हे रोजचेच, येथे याच्यासाठी ४६ वर्षे भांडण चालले.

मळेवाले न्यायालयात गेले आणि १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध तीन मतांनी हरले. त्याच वर्षी चावेझ यांनी हा हक्क कायद्यातच घालावा म्हणून मतदारांपुढे प्रस्ताव क्रमांक १४ ठेवला. विरोधाचे पुढारी होते हॅरी कुबो, जपानी वंशाचे एक शेतकरी. दुसऱ्या महायुद्धात सरकारने सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरादारांतून उठवून छावण्यांत डांबले, त्यांत कुबो कुटुंबही होते. ज्याला सरकारी हुकमाने एकदा घर सोडावे लागले त्यास 'सरकार परक्यांस तुमच्या शेतात धाडणार' हे शब्द कसे ऐकू येत असतील! आपण मजुरांच्या बाजूचे असलो तरी हे समजून घेतले पाहिजे. प्रस्ताव सुमारे ६२ टक्के मतांनी पडला. नियम मात्र नियम म्हणून राहिला.

त्याचा शेवट डोरिस या ओरेगनच्या सीमेवरील गावी सुरू झाला. सीडर पॉइंट नर्सरी तेथे स्ट्रॉबेरीची रोपे वाढवते. कायमचे कामगार शंभराच्या आसपास, हंगामी चारशे. हंगामी लोकांना सीमेपलीकडे क्लॅमथ फॉल्सच्या हॉटेलांत उतरविलेले असे. २९ ऑक्टोबर २०१५ रोजी पहाटे पाचच्या सुमारास युनियनचे लोक कर्णे घेऊन रोपे छाटण्याच्या शेडमध्ये शिरले. आधी सूचना दिली नव्हती, असे मालकाचे म्हणणे. फ्रेझ्नोच्या फाउलर पॅकिंग कंपनीबरोबर मालक न्यायालयात गेला. २३ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिले की परक्यास जमिनीबाहेर ठेवणे हा मालकीचा गाभा आहे. सरकारने तो काढून घेतला, मग वर्षाला १२० दिवस असोत की कमी, भरपाई दिलीच पाहिजे. आरोग्याच्या आणि सुरक्षिततेच्या सरकारी तपासण्या यात येत नाहीत, असेही निकालात आहे. न्यायमूर्ती ब्रायर यांनी विरोधी मत दिले, की हा केवळ तात्पुरता प्रवेश, त्यास जमीन घेणे म्हणता येणार नाही.

आमचे मत विचाराल तर पहाटे पाच वाजता कर्णे घेऊन शिरणे ही मोठी चूक होती. चालत्या प्रतिनिधीच्या शिट्टीने मालकांच्या हाती जसे कोलीत दिले तसेच या कर्ण्यांनी दिले. परंतु एका सकाळच्या गोंगाटासाठी तीन तासांचे दार सगळ्याच मजुरांस कायमचे बंद व्हावे, हे प्रमाण आम्हांस पटत नाही.

कॅलिफोर्नियातल्या मजुरांनी दुसरी वाट धरली. ऑगस्ट २०२२ मध्ये ते डेलानोहून सॅक्रामेंटोपर्यंत २४ दिवस पायी चालत गेले. सप्टेंबरात गव्हर्नर न्यूसम यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि २०२३ साली तो दुरुस्त झाला. आता मळ्यात मतदान घेण्याऐवजी निम्म्याहून अधिक मजुरांनी कार्डांवर सह्या केल्या तर युनियनला मान्यता मिळू शकते, आणि सही मळ्याबाहेर, कोणाच्या घरी, कोठेही करता येते. मळेवाले त्याविरुद्धही न्यायालयात गेले आहेत.

बाकी अमेरिकेत युनियनचा माणूस आत येतो तो १९१० प्रमाणेच कराराने. आमच्या दुसऱ्या हॉस्पिटलात युनियन होती, तेथे आम्ही निवृत्त होईपर्यंत होतो. करारात एक कलम असे, की युनियनच्या प्रतिनिधीने एक दिवस आधी कळवावे, दरवाजावर नाव नोंदवून बिल्ला लावावा, आणि उपाहारगृहात किंवा ठरलेल्या खोलीत बसावे, वॉर्डात जाऊ नये. प्रतिनिधी मंगळवारी येत. रोगी उचलण्याची यंत्रे आमच्या मजल्यावर आली ती अशाच एका मंगळवारच्या बोलण्यातून. दर तीन वर्षांनी करार नवा होताना व्यवस्थापनाकडून पहिली मागणी या कलमाबद्दल असे. आम्ही वाटाघाटीच्या समितीवर होतो त्या वर्षी त्यांना ते कलम काढूनच टाकावयाचे होते. मध्यरात्रीपर्यंत बसलो, आणि एक दिवसाच्या सूचनेचे दोन दिवस कबूल करून ते राखले.